सही करा, गाव वाचवा

स्वस्थ बसणं ही एक कला आहे आणि ती मला येत नाही, असं माझी बायको डोरीन गेली एकेचाळीस वर्षं सांगत आली आहे. मी ते कधी मनावर घेतलं नाही. गणिताच्या मास्तरला स्वस्थ बसून कसं चालेल? समोर कुणी चुकीचं उत्तर काढलं की त्याचा हात खडूकडे जाणारच. निवृत्त झाल्यावर माझा खडू गेला, पण हात राहिला, आणि तो आता गावभर जातो.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ब्रेक्के कंपनीचं पाकीट आलं. आमच्या हॅडलंडमध्ये ब्रेक्के कंपनी बर्फ उपसायची फावडी बनवते आणि गावातल्या जवळजवळ प्रत्येक घरात तिचे थोडेफार शेअर आहेत, कारण थोरले ब्रेक्के नाताळला कामगारांना पैशांऐवजी शेअर वाटत. (पैसे वाटले असते तर लोक जास्त खूश झाले असते, पण तसं तोंडावर सांगायची आमच्या मिनेसोटात पद्धत नाही.) दर एप्रिलमधल्या दुसऱ्या शुक्रवारी कारखान्याच्या पॅकिंग शेडमध्ये भागधारकांची वार्षिक सभा भरते. येईल त्याला तळलेल्या माशाची प्लेट आणि एक नवं फावडं मिळतं. माझ्या गॅरेजमध्ये सध्या बावीस फावडी आहेत. इतका बर्फ आमच्याकडेसुद्धा पडत नाही.

पाकीट डोरीनच्या नावाचं होतं. तिचे बारा शेअर आहेत. माझे चाळीस, पण माझं पाकीट आलं नव्हतं. पोस्टाचा उशीर, दुसरं काय, असं मी म्हटलं. हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखं आहे, पण तेव्हा मी ते लक्षात ठेवलं नाही.

पाकिटात एक ठराव होता. यापुढे सभा शेडमध्ये भरणार नाही, कॉम्प्युटरवर भरेल. संचालक मंडळाची शिफारस, ठरावाच्या बाजूने मत द्यावं. सोबत मतदानाचं कार्ड. त्यावर तीन चौकोन : बाजूने, विरोधात, तटस्थ. खाली सहीची जागा. आणि सहीच्याही खाली मुंगीच्या पावलांइतक्या बारीक अक्षरांत एक परिच्छेद. तो मी वाचला नाही. आयुष्यभर मुलांना 'प्रश्न शेवटपर्यंत वाचा रे' म्हणून ओरडलेल्या माणसाने तो वाचला नाही, याची इथेच नोंद करून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी दारात आर्डिसबाई टोलेफसन उभ्या. वय शहाऐंशी, हातात तेच कार्ड. एकोणचाळीस वर्षं त्यांनी ब्रेक्केंच्या फावड्यांना दांडे बसवले. त्यांचे साठ शेअर आहेत. दर वर्षी सभेच्या शेवटी अध्यक्ष गॉर्डन ब्रेक्के विचारतो, "कुणाला काही विचारायचंय?" सगळं गाव माशाच्या वासाकडे नाक लावून गप्प बसतं आणि आर्डिसबाई उभ्या राहतात. एकच प्रश्न. एका वर्षी विचारलं, बायकांच्या संडासातला हीटर दोन हिवाळे बंद का? सोमवारी तो चालू झाला. एका वर्षी विचारलं, नव्या मोठ्या साहेबाला एवढा पगार आहे तर तो सकाळी किती वाजता येतो? तो त्यानंतर आठ वाजता यायला लागला. मुलं तिकडे ॲरिझोनात, नवरा गेलेला. वर्षातले बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस आर्डिसबाईंना कुणालाही उत्तर द्यावं लागत नाही, आणि त्यांना कुणी देतही नाही.

"वेंडेल," त्या म्हणाल्या, "माझ्याकडे कॉम्प्युटर नाही. आणि असता तरी मला गॉर्डनचं तोंड बघून विचारायचं असतं. हे थांबवता येईल का रे?"

वास्तविक "बघतो" म्हणायला हरकत नव्हती. मी म्हणालो, "आर्डिसबाई, हे माझ्यावर सोडा."

आतून डोरीनने भांडं जोरात ठेवल्याचा आवाज आला.

माझ्या या आत्मविश्वासाला आधार होता. गेल्या वर्षीही हाच ठराव आला होता आणि पडला होता. त्या वेळी मी गावच्या साप्ताहिकात एक पत्र लिहिलं होतं. बावन्न ओळी. ठराव पडल्यावर मी दोन आणि दोन चार केले. माझ्या लेखणीने बॉस्टन हादरलं, असं मी चारचौघांत म्हणालो नाही, पण कुणी म्हटलं असतं तर अडवलंही नसतं.

बॉस्टन मध्येच कुठून आलं ते सांगतो. आमचा ब्रेक्केचा शेअर वर्षानुवर्षं अकरा डॉलरवर उन्हात झोपलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यासारखा पडून होता. मग बॉस्टनच्या एका भल्यामोठ्या फंडाने तो घ्यायला सुरुवात केली. त्याचं बघून आणखी दोन फंड आले. भाव सव्वीसवर गेला. गाव इतकं खूश झालं की लोक हवामान सोडून शेअरवर बोलायला लागले. आम्ही फावड्यांचे मालक होतो ते आता श्रीमंत मालक झालो. पुढे एका मंगळवारी त्यातल्या एका फंडाने कसल्याशा यादीतून ब्रेक्केचं नाव गेलं म्हणून आपले शेअर विकले आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत भाव एकोणीसवर आला. आर्डिसबाई कारखान्याच्या फाटकावर जाऊन विचारून आल्या, "आज आत काही बिघडलंय का?" काहीच बिघडलं नव्हतं. त्या दिवशी रोजच्याइतकीच फावडी झाली होती. ज्या दाराने तो फंड गेला त्याच दाराने काही महिन्यांनी दुसरा आला आणि भाव परत चढला. या खेपेला गावाने त्याकडे बघून आनंद केला नाही, फक्त मान हलवली.

तर अशा या फंडांपैकी कुणीतरी हिशेब मांडला होता की मासे आणि फावडी यांवरचा खर्च भागधारकांच्या हिताचा नाही. मासे खाणारे भागधारकच होते, हा मुद्दा बॉस्टनमध्ये कुणाला सुचला नसावा.

मी मोहीम सुरू केली म्हणताच शेजारचा डुएन कुंपणाशी आला. डुएन विम्याचा निवृत्त एजंट. उंटावरून शेळ्या हाकणारे मी पुष्कळ पाहिले, पण डुएन उंटावर बसून उंटाचाही विमा उतरवील.

"वेंडेल, त्या फंडांना डिवचू नकोस," तो म्हणाला. "चिडले आणि विकून निघून गेले तर? भाव बारावर येईल. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन त्या भावावर अवलंबून आहे."

"मग काय, त्यांच्या मर्जीने नाचायचं?"

"नाचायचं नाही. पण त्यांच्या पायावर पायही द्यायचा नाही. ते राहिले तर आपलं कुणी ऐकत नाही, गेले तर आपल्याला कुणी विचारत नाही. अरे, हत्तीबरोबर एका खाटेवर झोपलाय आपण. कूस त्याने बदलायची, जागं आपण व्हायचं."

मुद्दा बरोबर होता, म्हणून मला त्याचा राग आला. मी सरळ बॉस्टनला फोन लावला. चाळीस मिनिटं व्हायोलिन ऐकल्यावर एक गोड आवाजाची मुलगी आली. मी तिला माझं नाव, शाळेतली छत्तीस वर्षांची सेवा आणि माझा निषेध, या क्रमाने सांगितलं.

"सर, तुमचं निवृत्तिवेतन शिक्षक निधीतून येतं का?" तिने विचारलं.

"हो. त्याचा काय संबंध?"

बटणांचा आवाज. "त्या निधीचे पैसे आम्हीच सांभाळतो, सर. म्हणजे ब्रेक्के कंपनीत आमच्यामार्फत तुमचाही वाटा आहे."

"किती?"

"एका शेअरचा काही भाग होईल."

"मग त्या भागाचं मत विरोधात टाका!"

"तशी सोय नाही, सर. पण तुमच्या वतीने आम्ही ते काळजीपूर्वक बाजूने टाकू. आणखी काही मदत करू शकते का?"

मी फोन ठेवला. डोरीनने विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हणालो, "विचार करतायत." पोटासाठी माणूस काय काय करतो हे ऐकलं होतं, पण माझं पोट माझ्याविरुद्ध मतदान करत होतं.

मग मात्र मी पेटलो. चर्चच्या तळघरात कॉफीच्या भांड्याशेजारी एक पेटी ठेवली. वर फलक : 'सही करा, गाव वाचवा!' हा मजकूर माझा. छत्तीस वर्षांत सगळ्यात जास्त मनस्ताप मला कशाचा झाला असेल तर नाव न घातलेल्या उत्तरपत्रिकांचा. त्यामुळे मी रोज पेटीजवळ उभा राहून एकच गोष्ट सांगत असे. सही विसरू नका. सहीशिवाय कार्ड रद्द. सही, सही आणि सही. चौकोनात काय लिहायचं हे सांगायची गरज मला वाटली नाही. गाव वाचवायचंय म्हटल्यावर कुठला चौकोन, हे शेंबड्या पोरालाही कळेल.

कार्डं लोक पाकिटात बंद करून आणत आणि मी ती उघडून बघत नसे. डुएन म्हणाला, "एकदा नजर टाकायची का?" मी त्याच्याकडे असं बघितलं की तो परत कॉफीकडे वळला. मत गुप्त असतं. तत्त्व म्हणजे तत्त्व. आज विचार करतो, माझ्या अंगात तत्त्वं थोडी कमी असती तर गावाचं भलं झालं असतं.

दोनशे चौदा पाकिटं जमली. ती मी स्वतः, टाय बांधून, कंपनीच्या ऑफिसात नेऊन दिली आणि पोच घेतली.

माझं स्वतःचं पाकीट अजून आलं नव्हतं. सभेच्या दिवशी सकाळी शेडच्या दारात टेबलामागे बसलेल्या बाईंनी यादीवरून बोट फिरवलं आणि त्या म्हणाल्या, "स्टेन्सरुड, डोरीन. आहे. स्टेन्सरुड, वेंडेल... नाही."

"नाही कसं? चाळीस शेअर आहेत माझे!"

"कागदी आहेत का?"

होते. मागच्या उन्हाळ्यात मी ते मोठ्या आधुनिकपणे एका दलालाच्या खात्यात जमा केले होते आणि डुएनला त्यावर अर्धा तास व्याख्यानही दिलं होतं. आता बाईंनी मला व्याख्यान दिलं, पण दोन मिनिटांचं. कंपनीच्या वहीत नाव दलालाचं. मतदानाचा अर्ज दलालाने ईमेलवर पाठवला असणार. तो मिळाला नाही तर बहुतेक जाहिरातींच्या कचऱ्यात गेला असेल. दलालाचं पत्र आणलंत तर आत भागधारक म्हणून जाता येईल. नाहीतर...

त्यांनी माझ्या कोटावर एक बिल्ला लावला. त्यावर लिहिलं होतं, 'पाहुणा'.

"पाहुण्यांना बोलता येतं का?" मी खिशातल्या अकरा पानी भाषणाला हात लावत विचारलं.

"नाही हो. आणि मासाही नाही. पण कॉफी घ्या ना."

शेडमध्ये पहिल्या रांगेतल्या सहा खुर्च्या मी आदल्या दिवशीच फंडांसाठी राखून ठेवल्या होत्या. त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलायचं, असा बेत होता. खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. कंपनीच्या वकीलबाई म्हणाल्या, फंड कधी येत नाहीत, त्यांचं मत दहा दिवसांपूर्वीच कॉम्प्युटरवरून येऊन पडलंय. निम्म्याहून जास्त कंपनी त्या सहा रिकाम्या खुर्च्यांवर बसली होती आणि बाकी सगळं गाव त्यांच्याकडे बघत मागे बसलं होतं.

अध्यक्ष गॉर्डन ब्रेक्के उठला. थोरल्या ब्रेक्केंचा नातू. माझा विद्यार्थी, मागून दुसरा बाक. फावड्यांचा अहवाल वाचून झाल्यावर वकीलबाईंनी निकाल वाचला. ठराव मंजूर. सदुसष्ट टक्के आणि वर थोडं.

"आणि या प्रसंगी," गॉर्डन मनापासून हसून म्हणाला, "ज्यांच्या कष्टांशिवाय हे शक्य नव्हतं, त्या स्टेन्सरुड सरांचे मी आभार मानतो."

टाळ्या पडल्या. आमच्याकडे कुणाचंही नाव घेतलं की टाळ्या पडतात. मी पाहुणा असल्यामुळे मला बोलता येत नव्हतं. बोलता आलं असतं तरी काय बोललो असतो, देव जाणे. मी वकीलबाईंकडे गेलो आणि कुजबुजत विचारलं. त्यांनी कुजबुजत उत्तर दिलं, पण शेडमध्ये ध्वनिक्षेपक चालू होता.

ठरावाला एकूण शेअरांच्या दोन तृतीयांश मतं हवी होती. फंड आणि ब्रेक्के घराणं मिळून चौसष्ट टक्के. बाकी गाव दर वर्षी कार्ड कचऱ्यात टाकतं, आणि न आलेलं मत विरोधातच धरलं जातं. गेल्या वर्षी ठराव पडला तो त्यामुळे. (माझ्या बावन्न ओळींचा त्यांनी उल्लेखही केला नाही.) या वर्षी मात्र चर्चमधून दोनशे चौदा कार्डं आली. सगळ्यांवर सही, एकदम स्वच्छ. दोनशे तेरा कार्डांवर चौकोन कोरे. आणि सही असून चौकोन कोरा असेल तर ते मत मंडळाच्या शिफारशीप्रमाणे मोजायचं, असं सहीखालच्या त्या परिच्छेदात स्पष्ट लिहिलेलं होतं.

"सर," गॉर्डन हळूच म्हणाला, त्याला माझी खरंच दया आली होती, "आधी छेद कुठला ते बघायचं, हे तुम्हीच शिकवलंत ना? आलेल्या मतांचे नाही, एकूण शेअरांचे दोन तृतीयांश."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते ऐकून होतो. मी तर चारशे अठ्ठावीस हात गोळा करून दाखवले होते. मी घरी सोफ्यावर घोरत पडलो असतो तर गाव जिंकलं असतं. जन्मात झोपून जिंकता येईल अशी एकच लढाई माझ्या वाट्याला आली आणि ती मी टाय बांधून हरलो.

मी वळून डुएनकडे बघितलं. तो छताकडे बघत होता.

"अरे, गॉर्डनचा बाप माझ्या लग्नात करवला होता," तो छतालाच म्हणाला. "त्याच्या मुलाला काय 'विरोधात' म्हणून लिहून देऊ? बरं दिसतं का ते? कोरं ठेवलं. म्हटलं, समजणारा समजेल."

"डोरीन?"

डोरीनने पर्स उघडून आत काहीतरी शोधायला सुरुवात केली. "त्याची आई दर रविवारी माझ्या शेजारी उभी राहून गाते, वेंडेल. आणि तू सही म्हणालास. मी सही केली."

"मग ते एक विरोधातलं कुणाचं?"

मागच्या रांगेतून एक हात वर झाला. "माझं," आर्डिसबाई म्हणाल्या. "गुन्हा आहे का?"

मी जागेवर जाऊन बसलो. कुणी मला एक शब्द बोललं नाही. आमच्या गावात तशी पद्धत नाही, आणि त्या दिवशी तीच मला सगळ्यात जास्त लागली. दोन शिव्या मिळाल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्याऐवजी शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी माझा दंड थोपटला आणि त्या म्हणाल्या, "संध्याकाळी हॉटडिश आणून ठेवते दारात." हॉटडिश म्हणजे भट्टीत भाजलेलं भांडंभर गरम जेवण, आणि आमच्याकडे ते कुणाचं माणूस गेलं की आणून ठेवतात.

आणि मग गॉर्डनने नेहमीप्रमाणे विचारलं, "कुणाला काही विचारायचंय?"

आर्डिसबाई उभ्या राहिल्या. निळा झगा, त्यावर चांदीची पिन, सभेची म्हणून ठेवलेली. या बाईला मी म्हणालो होतो, माझ्यावर सोडा.

"गॉर्डन," त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मी उभी कुठे राहू?"

गॉर्डनने समोरचे कागद चाळले. "आर्डिसबाई, स्क्रीनवर एक जागा असेल. त्यात प्रश्न लिहून पाठवायचा."

"आणि उत्तर?"

"वेळेनुसार निवडक प्रश्नांना देऊ."

"निवडणार कोण?"

गॉर्डनची नजर पहिल्या रांगेतल्या सहा रिकाम्या खुर्च्यांवर गेली. आर्डिसबाई बसल्या नाहीत. त्या तशाच उभ्या राहिल्या, पुढच्या खुर्चीची पाठ धरून, आणि मला ते बघवेना. बोलता येत नसलं तरी पाहुण्याला उभं राहता येतं. निदान एकटी तरी उभी नको, असं म्हणून मी उठलो.

मी उठलेला बघून डुएनला वाटलं, सभा संपली. तो उठला. त्याचं बघून त्याची रांग उठली, मग शेड उठली, खुर्च्या सरकल्या आणि मिनिटाभरात सगळं गाव प्लेटा घेऊन माशाच्या रांगेत होतं. "थांबा, थांबा," असं मी म्हणत होतो, पण पाहुण्याला तेही म्हणायची परवानगी नव्हती.

रिकाम्या खुर्च्यांच्या मधोमध आम्ही दोघं उरलो. व्यासपीठावर गॉर्डन कागद गोळा करायला लागला होता.

आर्डिसबाईंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. एकोणचाळीस वर्षांत दांडा वाकडा बसलेलं फावडं त्यांनी ज्या नजरेने बाजूला काढून ठेवलं असेल, तशा नजरेने.

"वेंडेल," त्या म्हणाल्या, "तू बस रे बाबा खाली. तू उभा राहिलास की काहीतरी मंजूर होतं."

मी बसलो. त्या व्यासपीठाकडे वळल्या.

"हं, गॉर्डन," त्या म्हणाल्या. "मी उभी आहे अजून."

गॉर्डनने हातातले कागद परत खाली ठेवले.